आमदार तीन, तोंड माझं

शाळेच्या गुरुजींनी डोकं खाल्लं, “बाबा, लिहा, लिहा.” चौथी नापास माणसाला कशाला लिहायला लावता? पण निवडणूक आली की एक किस्सा वाढतो, आता पोटात मावत नाहीत. घ्या!

काम माझं एकच. सातपुड्यात आमच्या पाड्यांवर सभा झाली की पुढारी मराठीत बोलणार, मी ते आमच्या पावरी बोलीत सांगणार. खालच्या गावचा कार्यकर्ता सुरेशभाऊ मला जीपमधून घेऊन जायचा.

पहिला आमदार अर्धा तास बोलला. मी सांगितलं, “मत द्या म्हणतो. नाल्यावर पूल देतो म्हणतो.”

सुरेशभाऊ म्हणाला, “बस, इतलंच?”

“बाकी नुसता आवाज होता!”

मग मतदारसंघाची हद्द बदलली. दुसरा आमदार आला, पूल तोच! सुरेशभाऊच्या गळ्यात नवा गमछा.

मी म्हटलं, “भाऊ, मागच्याला पण तुम्हीच आणलं होतं!”

“बाबा, हद्द बदलनी, आम्ही बी बदलनूत!”

त्या पावसाळ्यात आमच्या पाड्यावरच्या गुमलीच्या सुनेला कळा आल्या. झोळी करून चौघांनी उचलली, पण नाल्याला पूर. काठावरच बाळ झालं. दोघं वाचली, पण गुमलीने भर बाजारात माझी गचांडी धरली.

“पूल कुठे आहे?”

“आमदाराला विचार.”

“त्याचं बोलणं मला कुठे कळलं? पूल देतो असं तू बोललास!”

ते मात्र लागलं. आमदार बदलत गेले. लोकांनी ऐकलेला आवाज माझाच.

तिसरा निवडून आला तेव्हा त्याच्या बंगल्यावर गेलो. माणूस आमच्यातलाच, पण होस्टेल, कॉलेज करत पावरी विसरला. म्हणाला, “बाबा, आपण एकाच रक्ताचे.”

मी म्हटलं, “हेच पावरीत सांगा.”

त्याने चहा मागवला. मराठीत!

परवाच्या निवडणुकीत तोच आमच्या पाड्यावर उभा. “विश्वास ठेवा, पुढच्या वर्षी पूल!” आणि माझ्याकडे बघितलं.

मी माईक धरून पावरीत सांगितलं, “साहेब म्हणतात, पूल होईपर्यंत तुम्ही बाळंतिणीला कसं नेता, ते मला बघायचंय. मला तसंच न्या. आत्ताच!”

टाळ्याच टाळ्या! बांबू आला, गोधडी आली. साहेबांना वाटलं, मिरवणूक आहे. हात जोडून हसत झोळीत बसले.

सुरेशभाऊ ओरडला, “बाबा, हाई काय करी ऱ्हायनात या लोके?”

झोळी नाल्यात उतरली, पाणी मांडीपर्यंत. अर्ध्या नाल्यात खांदे बदलायला चौघे थांबले. झोळी हलली, साहेबांचं हसू गेलं. गुमली पाण्यात उतरली, त्यांच्या कपाळावर हात ठेवून काहीतरी बोलली.

साहेबांनी झोळीतूनच ओरडून काठावरच्या मला विचारलं, “बाबा, काय म्हणतेय ती?”

मी शब्दाला शब्द सांगितलं, “दम धर पोरी, दवाखाना फक्त सात कोसांवर आहे.”

आणि साहेब झोळीचं काही बोललेच नव्हते हे कळल्यावर पाड्यासमोर, माईकवरून, मला खोटारडा कोण म्हणालं? माफी अजून कोणी मागितली नाही? सुरेशभाऊने!