मोहफुलांच्या डोंगरावर मारलेली हाक

तुमच्या आजोबांना रस्ते आठवेनासे झाले, त्या वर्षी मी देवाशी बोलणे सोडले होते. पूजा सोडली नव्हती. पाचला उठणे, आंघोळ, सहाला दिवा, मग चहा, यात एका दिवसाचा खंड पडला नाही. हात चालत होते, मन मात्र आत पाठ फिरवून बसले होते. ज्या माणसाने मोजणी खात्यात उभी नोकरी बांध मोजण्यात घालवली, कोणत्या गावाची शीव कुठल्या नाल्याला संपते हे ज्याला नकाशा न उघडता सांगता येई, तो माणूस दुधाची पिशवी घेऊन येताना भंडाऱ्यात आमच्याच गल्लीच्या तोंडाशी थबकून विचारात पडायचा. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले, हे आता वाढत जाणार. मी शाळेत इंग्रजी शिकवणारी बाई. आजाराचे नाव वहीत नीट अक्षरात लिहून घेतले, मिळेल ते वाचले, औषधांच्या वेळा भिंतीवर लावल्या. आणि देवाला मनातल्या मनात म्हटले, तुझ्याकडून काही होणार नाही असे दिसते, माझे मीच बघते.

हे सगळे तुम्हाला आता सांगायचे कारण तुमच्या घरामागचा तो डोंगर. स्कॉटलंडला मी आले होते तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो रोज दिसायचा. त्याच्यावर झाड म्हणून नव्हते. तपकिरी गवत, मधूनमधून जांभळट झुडपांचे पट्टे, ओले काळे दगड आणि दगडांसारख्याच न हलणाऱ्या मेंढ्या. दुपारपर्यंत निम्मा डोंगर ढगात असे. गाव संपले की पुढे घर नाही, दिवा नाही, नुसता वारा. मला तो आवडला, पण त्याची भीतीही वाटली. तुमच्यातल्या धाकटीने मला तेव्हा विचारले होते, "आजी, इथे कोणी हरवले तर त्याला कसे शोधतात?" मी काहीतरी उत्तर दिले, पण माझे मन तिथे नव्हते. ते आपल्याकडच्या एका डोंगरावर गेले होते.

तो डोंगर तुम्ही पाहिलेला नाही. तुमसरहून आंबागडकडे जाताना किल्ल्याचा डोंगर लागतो, त्याला लागून उत्तरेला एक बिननावाची, लांबट टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी आजोबांचे गाव. एका बाजूला तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, आणि तलावाच्या वरच्या अंगाला लगेच जंगल सुरू. होळीनंतर गेलात तर सागाला एक पान सापडणार नाही. पाला घोट्यापर्यंत साचलेला, पाऊल टाकले की पापड मोडल्यासारखा आवाज. दगड तापून राखाडी झालेले, तेंदूला नुकती लाल पालवी, आणि या सगळ्या उघड्यावाघड्या रानात मोहाची झाडे मात्र भरात. पहाटे त्यांची फुले टपटप गळतात, मण्यांसारखी, पिवळसर पांढरी. त्यांच्या गोड, जरा आंबूस वासाने सगळी टेकडी भरून जाते. माथ्यावर महादेवाचे ठाणे आहे. मंदिर नव्हे, नुसता शेंदूर लावलेला दगड. पलीकडच्या अंगाला कडा सरळ नाल्यात उतरतो. तुमचा डोंगर दुरून जसा आहे तसा दिसतो. आमचा दुरून सौम्य दिसतो, कडा जवळ गेल्यावरच कळतो.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्यानंतर चार-पाच वर्षांनी माझ्या धाकट्या दिरांनी गावात नवे घर बांधले. वास्तुपूजेला आम्ही दोघे गेलो. पाहुणे पांगले आणि आम्ही अंगणात खाटा टाकून झोपलो. पाचला मला जाग आली तेव्हा शेजारची खाट रिकामी होती. चादर घडी करून ठेवलेली, उशीखाली चष्मा तसाच. चपला नव्हत्या.

आदल्या दिवशी ते सारखी बसची चौकशी करत होते, म्हणून दीर आणि शेजारची माणसे सडकेकडे धावली. मी अंगणात उभी राहून त्या क्षणीही यादी करत होते. सडक, तलाव, विहीर, शाळा. तेवढ्यात माझी जाऊ कमल मागून ओरडली, "बाई, मागची ताटी उघडी हाये! भासरे रानात गेले असतीन." थोरल्या दिराला आमच्याकडे भासरे म्हणतात. ताटीच्या, म्हणजे परसातल्या कुडाच्या दाराच्या, पलीकडे पायवाट थेट टेकडीला लागत होती. माणसे परत यायची वाट न पाहता आम्ही दोघी निघालो.

चढ लागला, उजाडले, आणि समोर पाहून मी कमलचा दंड धरला. टेकडीवर चार-पाच ठिकाणी धूर उठत होता. "कमल, डोंगर पेटला गं!"

त्या अवस्थेतही ती हसली. "शहरातल्या त शहरातल्याच राहिल्या तुमी बाई. मोह पडून राहिला ना! झाडाखालचा पाला जाळतेत, फुलं साफ वेचाले भेटते. धूर हाये मंजे तिथं मानूस हाये. चला, विचारू."

ज्याला मी वणवा समजले होते ती माणसांची खूण निघाली. तेव्हा मला त्यात देव वगैरे दिसला नाही. एवढेच वाटले की इथे आपल्याला काही कळत नाही. आणि मला काही कळत नाही, हे मी कित्येक वर्षांत स्वतःशी कबूल केलेले नव्हते.

पहिल्याच धुराजवळ एक म्हातारी काळ्या जमिनीवर उकिडवी बसून फुले वेचत होती. तिचे नाव सकूबाई, हे नंतर कळले. मान वर न करता ती म्हणाली, "आला होता जी एक जन. इस्त्रीचा सदरा घालून. माह्या टोपलीतलं फूल उचलून तोंडात टाकलं, अन् म्हने, माही माय कोठी हाये? मी म्हटलं, आता बाप्पा, मलेच माह्या मायची आठवन नाही रायली, तुही कोठून दाखवू? मंग वर गेला."

"मग थांबवलं का नाही तुम्ही?" माझा वर्गातला आवाज निघाला.

"मले का मालूम बाई, त्याले घरचे हायेत का नाही ते," ती शांतपणे म्हणाली.

मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि ती उठली. मोह वेचायची वेळ तेवढीच असते. ऊन चढले की फुले सुकतात, गुरे आणि हरणे उरलेली खातात. वर्षभराच्या कमाईचा तो महिना. तरी तिने टोपलीवर पळसाची पाने झाकली, वर धोंडा ठेवला, काठी घेतली आणि म्हणाली, "चला लवकर. अस्वल बी येते मोह खायले."

वर गेल्यावर वाट फुटते. एक महादेवाच्या ठाण्याकडे, एक कड्याच्या अंगाने. आम्ही ठाण्याच्या वाटेला लागलो, कारण माझ्या हिशेबात ते लहानपणी तिथेच जात असणार. उन्हाने दगड तापायला लागले होते. मी चालता चालता देवाशी बोलायला लागले. आधी अटी घातल्या, मग व्रते कबूल केली, मग भांडले. शेवटी अटीही संपल्या. कमल ओरडत होती, "भासरे! ओ भासरे!" आणि मी, "अहो! अहो, ऐकलंत का!"

सकूबाई थांबली. "नाव काय जी त्याचं?"

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहायला लागलो. कमलने भासऱ्यांचे नाव घ्यायचा प्रश्नच नव्हता. तिने तर पदर पुढे ओढला. आणि मी? ते नाव मी फॉर्मवर, रेशनकार्डावर, बँकेत शेकडो वेळा लिहिले होते. तोंडाने लग्नात उखाण्यात घेतले, तेवढेच. बी.ए., बी.एड. झाले, मुलींना इंग्रजीतून स्त्रियांच्या हक्कांवर निबंध लिहायला लावले, पण नवऱ्याला हाक "अहो". याचे मला कधी ओझेही वाटले नव्हते. आता कळले की दोन तास आम्ही एका माणसाला शोधत होतो आणि त्याला त्याच्या नावाने एकदाही कोणी बोलावले नव्हते.

"अहो अहो केल्यानं कोन ओ देईन व?" सकूबाई म्हणाली. "या डोंगरावर जेवढ्या बायका आल्या, साऱ्याइचे अहोच हायेत! मानूस स्वताले इसरला, अन् तुमी त्याले अहो म्हनून रायल्या. लाज वाटते त उखान्यात घ्या, पन घ्या!"

मी तोंड उघडले. पहिल्यांदा नुसता श्वास निघाला. मग म्हटले, "मधुकर." माझ्याच कानाला ऐकू जाईल एवढे. सकूबाईने काठी आपटली. मी डोळे मिटले आणि जोरात हाक मारली, "मधुकर!" समोरच्या किल्ल्यावरून ती परत आली. उत्तर नाही. तेव्हा मला माझ्या सासूबाईंची आठवण झाली. लग्नानंतर थोडेच दिवस मला त्यांचा सहवास मिळाला, पण संध्याकाळी दारात उभ्या राहून त्या मुलाला कशी हाक मारायच्या ते मी ऐकले होते. विचार न करता मी तशीच हाक मारली, "ए मधूऽऽ! मधू रेऽऽ!"

"ओऽऽ! आलो व माय!"

आवाज वरून नव्हे, आमच्या पायांच्या खालून आला. कड्याच्या अंगाला, जिथे आम्ही कोणी बघणार नव्हतो, तिथे एका कपारीत ते बसले होते. एक पाय चपलेविना, बाहेर सोडलेला, त्याखाली नाला. आम्ही ठरल्याप्रमाणे ठाण्यावर गेलो असतो, तर त्यांच्या डोक्यावरून गेलो असतो. हाक ऐकून ते उठायला लागले होते. मी म्हटले, "उठू नको बाबू, तिथंच बस. मी येते." सकूबाई पाठीमागून सरकत गेली, तिने त्यांचा सदरा मुठीत धरला, मग कमलने हात धरला, आणि आम्ही तिघींनी त्यांना वर ओढून घेतले.

ते माझ्याकडे पाहत होते, पण मला पाहत नव्हते. "माय, उशीर झाला का व?" त्यांनी विचारले. नोकरीला लागल्यापासून ही बोली त्यांनी कधी वापरली नव्हती.

बाळांनो, माझ्या सगळ्या प्रार्थनांचे म्हणणे एकच होते, त्यांनी मला ओळखावे. आणि इथे ते जिवंत, धडधाकट, माझा हात घट्ट धरून बसले होते आणि मला आई समजत होते. मी एका क्षणात काय ते ठरवले. ठरवले म्हणणेही बरोबर नाही. हातातली काहीतरी जड वस्तू आपोआप खाली ठेवली गेली, तसे झाले. मी म्हटले, "नाही रे बाबू. उशीर नाही झाला. वेळेवर आलास." ते हसले. मीही रडत रडत हसले.

दुसऱ्या दिवशी मी सकूबाईला लुगडे घेऊन गेले. चमत्काराच्या गोष्टींमध्ये मदत करणारे माणूस नंतर सापडत नाही म्हणतात. सकूबाई सापडली, त्याच झाडाखाली, आणि चिडलेली. "काल साराच मोह ढोरायनं खाल्ला माहा. लुगडं ठेवा घरी, बसा अन् वेचू लागा." मी बसले. एकेक फूल उचलायला वाकावे लागते, दुसरा मार्ग नाही. तासाभरात कंबर मोडली. "मास्तरीनबाई, हळू हळू," ती म्हणाली, "झाड काई पळून नाही जात." मी तिला विचारले, काल तुमचे एवढे नुकसान झाले, तुम्ही कशाला आलात? ती म्हणाली, "तुमचं तोंड पाह्यलं ना मी." तो महादेवाचा प्रसाद होता की सकूबाईचा चांगुलपणा, हे मी वेगळे करायला जात नाही. मला ते वेगळे करता येत नाही.

त्या दिवसापासून मी देवाशी पुन्हा बोलू लागले, पण सूचना देणे बंद केले. मी मागितले होते की त्यांनी मला विसरू नये. ते मिळाले नाही. त्याऐवजी मला त्यांचे नाव घेता येऊ लागले, आणि हाक मारली की ओ मिळू लागली. पुढची सहा वर्षे मी रोज सकाळी त्यांना नावाने उठवले. शेजारणी आधी तोंडाला पदर लावून हसायच्या, मग त्यांनाही सवय झाली. कधी मी त्यांची आई असे, कधी ऑफिसमधली टायपिस्ट, एकदा तर सकाळभर मी पोस्टमन होते. मी कोण आहे ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडले नाही. त्यांना जे दिसले ते मी झाले, आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. उलट इतकी वर्षे जे शरण जाणे मी हार समजत होते, ते किती हलके असते हे कळले.

त्याबद्दल त्या टेकडीचे, त्या धुराचे, कमलचे आणि सकूबाईचे ऋण माझ्यावर आहे, आणि ज्याने त्या सगळ्यांना त्या सकाळी तिथे आणून ठेवले त्याचेही.

मग एका सकाळी ओ आली नाही. मी देवाकडे काही मागितले नाही. खाटेवर त्यांच्या उशाशी बसले, डोके मांडीवर घेतले, आणि लहान मुलाला झोपवताना घेतात तसे हळूहळू त्यांचे नाव घेत राहिले, तेव्हा नागपूरला राहणारी तुमची आई येऊन पोहोचेपर्यंत.