शांततेवर बोलणारा दौलत

दौलत कासारे सिनेमा बघत नसे, सिनेमाचा 'आस्वाद' घेत असे. हा शब्द त्याने चौऱ्याऐंशी साली एका शिबिरातून आणला, सोबत एक खादीचा झब्बाही. एरवी तो ठाण्यात कचेरीत कारकून, बिऱ्हाड ठाकुर्लीला. पण रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये फिल्म सोसायटीचा खेळ असला, की तो जुन्या दिग्दर्शकांबद्दल असा बोलायचा, जणू त्यांनी कॅमेरा यालाच विचारून लावला होता.

एकदा बायको नंदाने दारावर मासळी घेऊन येणाऱ्या आवडाबाईला खेळाला सोबत आणलं. त्या दिवशीचा सिनेमा आवडाबाईने तरुणपणी कल्याणला सहा वेळा पाहिलेला, दौलतने नुसता पुस्तकांत वाचलेला.

मध्यावर नायिका खाडीकाठी आली आणि आवाजच बंद झाला. ओठ हलताहेत, ऐकू काही येत नाही. लोक चुळबुळले. दौलत अंधारातच उठला. "मंडळी, हीच ती शांतता! दुःख शब्दांपलीकडे गेलं, की हा दिग्दर्शक आवाज काढून घेतो."

"दादा, इथं गानं हाय," मागून आवडाबाई म्हणाली.

"मावशी, ते मुद्दाम..."

"कसलं मुद्दाम? ऐक." तिने खड्या आवाजात कडवंच धरलं. पडद्यावरचे ओठ तिच्या शब्दांशी तंतोतंत जुळले. तेवढ्यात प्रोजेक्टरवाला उत्तम ओरडला, "सॉरी, आवाजाचा बल्ब उडालाय!"

सगळा हॉल पोट फुटेस्तोवर हसला. दौलतचे कान तापले.

"एवढी पुस्तकं वाचली, आणि बल्ब गेलेला कळला नाही," घरी जाताना तो म्हणाला.

"बोललात मात्र छान," नंदा म्हणाली. हेच त्याला जास्त लागलं.

पुढच्या खेळाला त्याने स्वतःच आवडाबाईला बोलावलं. सिनेमा दुसरा. ती उशिरा पोचली, पडद्यावरची सुरुवातीची नावं निघून गेली होती. थोड्या वेळाने ती कुजबुजली, "यो त्याच मानसाचा ना? बाई रडाया लागली की तिला पाठमोरी करतो."

दौलतने त्या दिग्दर्शकाचे सगळे सिनेमे आठवून पाहिले. खरंच, दर वेळी पाठ! आणि दौलत गेली पाच वर्षं फक्त त्याच्या सिनेमांतल्या सावल्यांवर व्याख्यानं देत होता.

"बरं करतो," ती म्हणाली. "रडताना कुनी तोंडाकडं बघू नये."

खेळ संपल्यावर दौलत म्हणाला, "आज मावशी बोलतील." आवडाबाई दोनच मिनिटं बोलली, आणि मासळीची पाटी उन्हात आहे म्हणून निघून गेली. दौलतच्या पाऊण तासाला कधी मिळाल्या नव्हत्या, एवढ्या टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात त्यानेच वाजवल्या. निदान तेवढं तरी त्याला जमलं.