लागणीची तारीख

शिवानंद हुक्केरी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात गणित शिकवायचे, आणि ज्याला गणित येत नाही त्याला ते माणसात धरत नसत. राजारामपुरीतल्या त्यांच्या गल्लीत त्यांच्या मते माणूस एकच होता, आणि तो रोज सकाळी आरशात दाढी करताना दिसायचा. चौऱ्याऐंशी सालच्या दिवाळीच्या सुट्टीत काही कामासाठी ते एका साखर कारखान्याच्या शेती ऑफिसात गेले. तिथं ऊसतोडीची यादी तयार होत होती. नियम साधा होता, ज्याच्या उसाची लागण, म्हणजे लावणी, आधी त्याचा ऊस आधी तोडायचा. कारकुनाच्या एका हातात पेन्सिल होती, दुसऱ्या हातात खोडरबर, आणि झिजलं होतं ते खोडरबरच. संचालकाचा फोन आला की एक नाव वर चढायचं आणि कुणाचं तरी खाली घसरायचं. खाली घसरणाऱ्याचं मास्तरांना फारसं वाईट वाटलं नाही. त्यांना त्या खाडाखोडीचीच किळस आली.

यादी कॉम्प्युटरनं काढायची, असं त्यांनी ठरवलं. एकदा तारीख भरली की क्रम ठरला, मग चेअरमन आला काय आणि त्याचा बाप आला काय. कॉम्प्युटरसाठी कर्ज मागायला गेले, तर बँकेच्या मॅनेजरनं तारण काय ते विचारलं. मास्तरांनी खिशातून फ्लॉपी काढून पुढं ठेवली. मॅनेजरनं ती पापडासारखी उलटीपालटी करून पाहिली आणि परत दिली. मग मास्तरांनी लाडकी बुलेट विकून मुंबईहून एक वापरलेला कॉम्प्युटर आणला. मास्तर आता कॉम्प्युटरला उसाच्या घाण्याला जुंपणार, अशी स्टाफरूममध्ये थट्टा चालायची. थट्टा करणाऱ्यांना साधं त्रैराशिक जमत नव्हतं, म्हणून मास्तर तिकडं लक्ष देत नसत.

कॉलेज सुटलं की पुढच्या खोलीत ते मशीनपुढं बसायचे. बायको महादेवी जेवणाचं ताट तिथंच आणून द्यायची. तिच्या माहेरी उसाची शेती होती. एकदा रानात फिरून या, लागण कशी होते ते डोळ्यांनी बघा, असं ती दोन-तीनदा म्हणाली. चिखलात पाय घालायची गरज नाही, सगळं रान फ्लॉपीत आहे, असं मास्तरांनी तिला सुनावलं. इतका शहाणा माणूस बायकोचं ऐकेल कशाला?

सत्त्याऐंशी साली पहिल्या कारखान्यानं प्रोग्राम घेतला. चेअरमननं कॉम्प्युटरला हार घातला, नारळ फोडला आणि कीबोर्डवर इतकं हळदीकुंकू वाहिलं की मास्तरांना अर्धा दिवस ब्रशनं बटणं साफ करावी लागली. दुसऱ्या कारखान्यानं त्याच्यासाठी थंड खोली बांधली, बाहेर चपला काढायची पाटी लावली. दोन वर्षांत चार कारखाने झाले आणि मास्तरांनी नोकरी सोडली. भल्याभल्यांना पाणी पाजणारे संचालक इतक्या गुमान शेपूट घालताहेत, याचं त्यांना नवल वाटलं नाही. गणितापुढं सगळेच वाकतात, असा त्यांचा समज होता. मग पुण्याची एक कंपनी हा सगळा धंदा विकत घ्यायला तयार झाली. कागद तयार झाले, सहीची तारीख ठरली.

सहीच्या आदल्या आठवड्यात चिमणाबाई नावाची एक शेतकरीण एस.टी.नं येऊन दारात उभी राहिली. तिचा ऊस सोळा महिन्यांचा झाला होता, तरी तोड मिळत नव्हती. शेजारच्या हंबीररावांचा ऊस मात्र तुटून गेला होता. हे हंबीरराव कारखान्याचे संचालक. विचारायला गेलं की कारखान्याच्या गट ऑफिसातला कारकून यादीकडं बोट दाखवायचा. कॉम्प्युटरनं काढलंय, आमच्या हातात काही नाही, कोल्हापूरच्या मास्तरांना विचारा, म्हणायचा. मास्तरांनी तिला पोराला पाढे शिकवावेत तसा नियम समजावला. मग त्या कारखान्याची फ्लॉपी मशीनमध्ये घालून दाखवलं. तिची लागण दहा ऑगस्टची, हंबीररावांची पंचवीस जुलैची. सोळा दिवस आधीची.

"पंचवीस जुलैला?" चिमणाबाई म्हणाली. "मास्तर, त्या दिशी त्या रानात पुराचं पानी हुतं. मानसं व्हडीतनं काढत हुते. ऊस काय व्हडीतनं लावला व्हय? त्येनं लावला दिवाळी झाल्याव. सगळ्या गावाला ठावं हाय."

ती गेल्यावर मास्तरांनी इतर संचालकांच्या तारखा काढून पाहिल्या. नदीकाठच्या एकूण एक रानात भर पुरात लागण झालेली होती. खोडरबर लागत नव्हतं, कारण कारखान्याचे लोक आता सुरुवातीलाच खोटी तारीख भरत होते. आणि तिच्यावर मास्तरांचं गणित इमानेइतबारे यादी छापत होतं. पाच वर्षं राबून आपण चोरांना चोरी लपवायची पेटी बनवून दिली, हे त्यांना कळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःची लाज वाटली.

लाज वाटली तेवढ्या भरात ते पुण्याला गेले. कंपनीच्या साहेबांना सगळं सांगितलं. रानात जाऊन लागण पाहिल्याशिवाय आणि गावच्या दोघांच्या सह्या झाल्याशिवाय तारीख घेणारच नाही, असा बदल करायला दोन महिने द्या, असं म्हणाले. साहेबांनी शांतपणे चहा मागवला.

"हुक्केरी, चार कारखान्यांनी हा प्रोग्राम कशासाठी घेतला असं वाटतं तुम्हाला? पूर्वी लोक ऑफिसात येऊन भांडायचे. आता यादीपुढं उभे राहतात आणि घरी जातात. आम्ही तेच विकत घेतोय. बदल करणार असाल तर प्रोग्राम तुमच्याकडेच ठेवा."

कणा असलेला माणूस इथं उठला असता. मास्तर चहा प्यायले. नोकरी सोडली होती, बुलेट गेली होती, आणि त्या बदललेल्या प्रोग्रामला एकही गिऱ्हाईक मिळणार नव्हतं, हे गणित त्यांनी कपातला चहा संपायच्या आत करून टाकलं. मग त्यांनी पेन मागितलं. आकडा चांगला होता. गल्लीत पेढे वाटले गेले, आणि थट्टा करणारे सहकारी ते खायला सर्वांत आधी आले.

जानेवारीत चिमणाबाई पुन्हा आली. उसाला तुरा आला होता, आतून पोकळ पडायला लागला होता. मास्तरांनी तिला घरात बोलावलं नाही. उंबऱ्यावर उभे राहूनच ते म्हणाले, "मावशी, आता तो प्रोग्राम माझा न्हाय. पुण्याच्या कंपनीचा हाय."

"कारखान्यात गेलते, तर ते म्हनले आमचा न्हाय, मास्तरचा हाय," चिमणाबाई म्हणाली. "आता कुनाच्या दारात जाऊ तेवढं तरी सांगा की."

मास्तरांनी तिला एस.टी. स्टँडचा रस्ता सांगितला. ती त्याच रस्त्यानं आली होती.