तबूकचा रस्ता, माझी पेट्रोल पिकअप आणि इद्रिसचा कॅन

गेल्या महिन्यात बाबांना घेऊन सौदीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, जुबैलहून तबूकला निघालो. गाडीने... म्हणजे माझ्या त्या अवाढव्य, लाडक्या, घटाघटा पेट्रोल पिणाऱ्या हेवी ड्युटी पिकअपने.

माझी धाकटी बहीण मनीषा तबूकच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तिचे दिवस भरत आले होते. आई विमानाने आधीच पोचली होती, पण बाबा म्हणाले, मी सामानाबरोबर येतो. पाळणा, वॉशिंग मशीन, दोन कपाटं... सगळं मागे ट्रेलरवर बांधलं.

बाबांची सगळी नोकरी चिपळूणच्या बस डेपोत, वर्कशॉपमध्ये झाली. नुसत्या आवाजावरून डिझेल इंजिनचं दुखणं सांगणारा माणूस. माझी गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा बॉनेट उघडलं, दोन मिनिटं बघितलं आणि बंद केलं.

"एवढी थोरली गाडी आणि पेट्रोलवर? स्कूटर आहे काय ही?"

मी जमेल तशी बाजू मांडली. इंजिन साधं आहे, कुठलाही गॅरेजवाला हात घालतो, पार्ट्स कुठेही मिळतात, सकाळी चावी फिरवली की मांजरासारखी गुरगुरते... बाबा "हं" म्हणाले. त्यांचं "हं" मला लहानपणापासून माहीत आहे.

पहिला मुक्काम हाईलला केला. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना टाकी अर्ध्याच्या वर होती. पंपावर ही रांग! म्हटलं, पुढे भरू... बाबांनी विचारलंसुद्धा, पुरेल ना रे? मी पुरेल म्हणालो.

मागे ट्रेलर आणि समोरून वारा. काटा डोळ्यांदेखत खाली यायला लागला. ज्या पंपाच्या भरवशावर होतो तो आला, तर बंद... खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, मशीनच्या पायाशी वाळूचा ढीग. आणखी थोडं अंतर कशीबशी गेली आणि मग दोन आचके देऊन गाडी थांबली. एसीही थांबला.

दुपारचे साडेबारा. बाबा बहात्तर वर्षांचे, बीपीच्या गोळ्या चालू. हेल्पलाइनला फोन लावला तर माणूस यायला तीन तास लागतील म्हणाले. गाड्या जात होत्या, पण सुसाट. बाबांना ट्रेलरच्या सावलीत बसवलं, पंचा भिजवून डोक्यावर ठेवला. चेहरा लाल झाला होता त्यांचा.

अर्धा तास असा गेला. मग पलीकडच्या लेनमधून एक जुनी, छोटी पिकअप पुढे गेली, थांबली आणि वळून आमच्याकडे आली. मागे चाऱ्याच्या पेंढ्या होत्या. उतरलेला माणूस सुदानी, साठीचा असेल. नाव इद्रिस. रानात त्याच्या मालकाची मेंढरं सांभाळतो.

त्याने आमच्या गाडीचा आकार पाहिला आणि मान हलवली. "डिझेल?"

"ला, बनझीन!" नाही, पेट्रोल, असं मी जवळजवळ ओरडलोच.

"बनझीन? एवढी मोठी?" तो हसायला लागला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. भाषा कळली नव्हती, पण विषय कळला असावा...

त्याच्याकडे पेट्रोलचा वीस लिटरचा कॅन होता. बाबा उठले, पाण्याची रिकामी बाटली खिशातल्या चाकूने कापून फनेल केलं आणि इद्रिसने ओतायला सुरुवात केली. मी स्टार्टर मारला. चौथ्या खेपेला गाडी सुरू झाली.

"डिझेल असती तर आता पाइपात शिरलेली एअर काढत बसलो असतो," बाबा म्हणाले. मला भरून आलं. लगेच पुढचं वाक्य आलं, "पण डिझेल असती तर टाकी संपलीच नसती."

मी कॅनबद्दल विचारलं तेव्हा इद्रिस सहज बोलून गेला. ते पेट्रोल पाण्याच्या मोटरसाठी होतं. टँकरमधून मेंढरांच्या हौदात पाणी चढवायला. बाबांना मराठीत सांगितलं तसे ते गंभीर झाले. "अरे, मग त्याची जनावरं?"

इद्रिस म्हणाला, पंप तीस किलोमीटरवर आहे, यल्ला, निघा. आणि त्याने गाडी आमच्या मागे लावली. त्याला जायचं होतं उलट्या दिशेला... पण आम्ही पुन्हा बंद पडलो तर म्हणून तो पंपापर्यंत आमच्या मागे आला. बाबा सारखे आरशात बघत होते. "आहे," म्हणायचे. थोड्या वेळाने पुन्हा, "आहे रे."

पंपावर बाबा माझ्याआधी उतरले. पंपवाल्याला माझ्या गाडीकडे फिरकू दिलं नाही. हाताने खूण केली, आधी त्याचा कॅन. मग त्याची टाकी. कॅन इद्रिसने भरू दिला, टाकीच्या झाकणावर मात्र हात ठेवून उभा राहिला. खलास, खलास, एवढं पुरे. बाबा मराठीत हट्ट करत होते, तो अरबीत नाही म्हणत होता, आणि दोघांचंही एकमेकांना बरोबर कळत होतं.

शेवटी इद्रिसने बाबांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, काहीतरी दुआ पुटपुटला आणि गाडीत बसला. मेंढरं तहानलेली होती, त्याला घाई होती.

संध्याकाळी तबूकला पोचलो. चौथ्या दिवशी मनीषाला मुलगी झाली. बाबांनी नातीला मांडीवर घेऊन पहिली गोष्ट सांगितली ती इद्रिसची.

मी या देशात अकरा वर्षं आहे. या रस्त्यांवर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या मी मागे टाकल्या असतील... कोणीतरी थांबेल, असं म्हणत. आता माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. इद्रिसभाई, तुम्ही हे कधी वाचणार नाही, पण शुक्रन.