तोंडातल्या टाचण्या

टाचणीबाईंना खरं नाव होतं. पण ते त्यांच्या आईशिवाय कुणी फारसं वापरलं नाही, आणि आई गेल्यावर ते घडी घालून कपाटात ठेवल्यासारखं राहून गेलं. सगळा रस्ता त्यांना टाचणीबाईच म्हणायचा. कपडे शिवायच्या त्यांच्या दुकानात कधीही डोकवा, बाई गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून घोळ मापताहेत आणि ओठांत टाचण्यांची रांग.

लोकांना वाटायचं, ही शिवणकामातली सोय. सोय होतीच, पण कसली, ते जुन्या शेजाऱ्यांना विचारा. बाईंची जीभ म्हणजे धार लावलेली कात्री. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तरुणपणी एका नवरदेवाच्या कोटाचं माप घेताना, "एवढ्या पोटाला एक नवरी पुरायची नाही," असं त्या बोलून गेल्या. नवरी मागेच उभी होती. ते लग्न कसंबसं झालं, पण कोट दुसऱ्या दुकानात शिवला गेला. तेव्हापासून जिभेवर शब्द आला, की बाई टाचण्यांची डबी उघडायच्या. एक टाचणी म्हणजे बाई चिडल्यात. चार टाचण्या म्हणजे गिऱ्हाइकानं माप पुन्हा कधीतरी द्यावं.

अलीकडे डबी फार वेळा उघडायला लागायची, कारण बाई अजून चर्चला जात होत्या.

एके काळी रविवारी सकाळी त्या रस्त्यावर बुटांच्या पॉलिशचा वास दरवळायचा. आता रविवारी लोक उशिरा उठत, आणि उठले की चर्चबद्दल दोन शब्द वाईट बोलून मग चहा घेत. बाकं इतकी रिकामी, की पहिल्या बाकावरचा शिंकला आणि शेवटच्या बाकावरच्याला काळजी वाटली, तर त्याला ती ओरडून सांगावी लागे.

"अजून जाता तुम्ही तिकडे?" बाह्या तोकड्या करायला आलेली नर्स विचारायची. "वर देवाचं नाव आणि खाली सगळी भांडणं. कसं हो बसवतं?"

बाई एक टाचणी ओठांत धरायच्या.

"माझा मुलगा म्हणतो, तिथे माणसं कमी आणि न्यायाधीश जास्त."

दुसरी टाचणी.

बाईंना याचं वाईट का वाटे? तर लोक खोटं बोलत नव्हते म्हणून. त्याचा पुरावा रस्त्याच्या पलीकडेच, काचेच्या दारामागे पीठ मळत उभा असायचा. तो बाईंचा धाकटा भाऊ, रस्त्याचा पाववाला.

पाववाल्याची कहाणी सगळ्यांना पाठ होती, आणि ज्यांना नव्हती त्यांना शेजारी आनंदानं सांगत. त्याची बायको एक दिवस बॅग भरून निघून गेली. कुणी म्हणे गवयाबरोबर गेली, कुणी म्हणे दंतवैद्याबरोबर. खरं तर ती एकटीच गेली होती, पण तेवढ्यानं कुणाचं समाधान होईना. लहान मुलगी बापाजवळ राहिली. तोवर चर्चमध्ये प्रभुभोजनाला येशूच्या आठवणीत जो पाव मोडून खात, तो याच्याच भट्टीतला असायचा. पहाटे भाजलेला, कडेला करकरीत, आत मऊ. आजोबांपासून चालत आलेलं काम होतं ते. पण बायको गेल्यावर चर्चच्या पंचांनी बैठक घेतली. मुख्य पंच होते घड्याळजी. दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. संध्याकाळी भिंग काढलं तरी त्यांना दुसऱ्याच्या चुका मोठ्याच दिसायच्या. ते म्हणाले, "ज्याचं घर मोडलं, त्याच्या हातचा पाव प्रभूच्या मेजावर बरा दिसत नाही."

पुढच्या रविवारी पाववाल्याचा पाव कापडासकट परत आला, आणि मेजावर प्लॅस्टिकच्या पिशवीतला बाजारी पाव ठेवला गेला. तो पाव चावताना स्पंज चघळल्यासारखं वाटतं, हे सगळ्या मंडळींचं मत होतं. पण पवित्र गोष्टीला नावं कशी ठेवायची?

पाववाला त्या दिवसापासून चर्चकडे फिरकला नाही. बहिणीशी बोलणं ठेवलं, पण तेही पाव द्यायचा आणि सुटे परत करायचे, इतपतच.

तर अशा त्या भावाची लेक, म्हणजे बाईंची भाची, मोठी होऊन लग्नाला उभी राहिली, आणि एका दुपारी कापडाचा गठ्ठा घेऊन दुकानात शिरली.

"आत्या, पोशाख तूच शिवायचास."

"तुझ्या बापाला विचारलंस?"

"बाबांनी सांगितलंय, लग्न कचेरीत नोंदवायचं, जेवण नगरपालिकेच्या हॉलमध्ये. चर्च नाही, पाळक नाही, गाणी नाहीत. पोशाखाबद्दल काही बोलले नाहीत."

"बोलले नाहीत म्हणजे परवानगी," असं म्हणून बाईंनी माप घ्यायला सुरुवात केली. त्या दिवशी तोंडात टाचण्या होत्या, तरी बाई हसत होत्या. हे सोपं नसतं. करून बघा.

पोशाख तयार होत आला, आणि लग्न तोंडावर आलेलं असताना नगरपालिकेच्या हॉलखालची पाण्याची मोठी नळी फुटली. जमीन खणून काढली, मध्ये खड्डा, खड्ड्यात तीन माणसं, आणि काठावर त्यांना सूचना देणारी सात. दुसरा हॉल शोधायला नवरामुलगा सगळीकडे फिरला. एवढ्या माणसांची सोय होईल अशी जागा जवळपास एकच उरली होती. चर्चच्या मागचा हॉल.

भाची रडकुंडीला आली. बाई रस्ता ओलांडून भावाकडे गेल्या.

"हॉल मी मागते पंचांकडे," त्या म्हणाल्या.

पाववाल्यानं हातातला गोळा फळीवर आपटला. "त्यांच्याकडे हात पसरायचा? ज्यांनी माझा पाव परत पाठवला?"

"मुलीकडे बघ जरा."

"मुलीकडेच बघतोय. आणि ताई, मला पंचांचा राग नाही आला एवढा. ते तसलेच आहेत. त्या बैठकीत तू होतीस. नको तिथे तुझी जीभ कात्रीसारखी चालते. त्या दिवशी तेवढी तोंडात टाचण्या धरून बसलीस."

बाईंनी सवयीनं डबीकडे हात नेला. मग तो तसाच मागे घेतला. त्या घरी आल्या आणि शिवणयंत्रासमोर बसल्या. रस्त्यातल्या लोकांनी आजवर त्यांना सोशिक म्हटलं होतं, आणि बाईंनी ते गोड मानून घेतलं होतं. खरं काय होतं, ते भावानं एका वाक्यात सांगितलं होतं.

संध्याकाळी पंचांची बैठक होती, आणि मंडळीतल्या कुणालाही तिथे बसता यायचं. बाई डबी घरी ठेवून गेल्या. हे कळल्यावर पुढे लोक म्हणाले, की पंचांना कुणीतरी आधी सावध करायला हवं होतं.

नवे पाळक तरुण होते. मोठ्यांपुढे बोलताना आपलीच कॉलर चाचपायचे. त्यांनी विनंती वाचून दाखवली. घड्याळजींनी मनगटाकडे बघितलं.

"हॉल द्यायला हरकत नाही," ते म्हणाले. "आपण काही कठोर नाही. फक्त आधी छोटी उपासना, पाळकसाहेबांचे चार शब्द, आणि मुलीच्या वडिलांनी परत मंडळीत यायचं कबूल करावं. बस्स."

"म्हणजे भाडं मागताय," बाई म्हणाल्या.

"छे छे! भाडं कुठे मागतोय? आपण तर कृपा करतोय."

"अट घातली की कृपेचं भाडंच होतं, घड्याळजी. देवानं तुम्हाला आजवर जे काही दिलं, ते देण्याआधी अटी वाचून दाखवल्या होत्या का?"

घड्याळजींनी मनगटावर बाही ओढली.

"याच खोलीत तुम्ही माझ्या भावाचा पाव परत पाठवलात," बाई पुढे बोलत राहिल्या. "बायको गेली, पोर पदरात, आणि आपण त्याच्या घरी एक वाटी सूप नेलं नाही. त्याचा पाव तेवढा परत नेऊन दिला. मी इथेच, याच खुर्चीवर बसले होते. गप्प. लोक म्हणतात सोशिक. कसली सोशिक, भित्री होते मी. बाहेर लोक आपल्याला नावं ठेवतात, तेव्हा मला राग येतो. पण त्यांना सांगू काय? आता एकदा तरी काही सांगण्यासारखं करा."

मग पाळकांनी कॉलर सोडली आणि ते म्हणाले, "मी ताटं धुईन."

"मी खुर्च्या मांडते," मागून पेटी वाजवणाऱ्या मावशी म्हणाल्या. एकेक हात वर होत गेला. शेवटी सगळे घड्याळजींकडे बघू लागले. त्यांनी खिशातून भिंग काढलं, पुसलं, परत खिशात ठेवलं.

"मला वाढायला जमेल," ते पुटपुटले. "हात थरथरत नाही माझा."

बाई चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत ही बातमी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती. भट्टीपाशी गेल्या, तर पाववाला वाटच बघत होता.

"टाचण्या कुठेत?" त्यानं विचारलं.

"घरी."

"मग पंचांचं काही खरं नव्हतं."

"हॉल मिळाला. अट नाही. आणि मला माफ कर रे. त्या दिवशी बोलायला हवं होतं मी."

पाववाल्यानं हातावरचं पीठ झटकलं. बराच वेळ झटकलं. एवढं पीठ त्याच्या हातावर नव्हतंच. "उशीर केलास," तो म्हणाला.

"केला."

"पीठ उशिरा फुगलं म्हणून कुणी टाकून देत नाही." मग तो भट्टीकडे वळला. "हॉलमध्ये येईन. चर्चमध्ये नाही."

"तुला बोलावलंय कुणी?" बाई म्हणाल्या, आणि रस्ता ओलांडताना डोळ्यांना पदर लावला. पीठ गेलं असेल डोळ्यात.

लग्नाच्या दिवशी बाईंनी मंडळींना भिंतीशी उभं केलं. जुन्या पडद्यांचे अ‍ॅप्रन शिवले होते, ते वाटले आणि नियम सांगितले. "गायचं नाही. उपदेश करायचा नाही. 'रविवारी या हं' असं म्हणायचं नाही. वाढायचं, उचलायचं, हसायचं."

"गुणगुणलं तर चालेल?" मावशींनी विचारलं.

"नाही."

"मनातल्या मनात?"

"मनात चालेल. ओठ हलता कामा नयेत."

भाची पोशाखात अशी दिसत होती, की बाह्यांची चौकशी करायला नर्सबाई दोनदा येऊन गेल्या. पाहुण्यांतल्या निम्म्या लोकांनी चर्चला कायमचा रामराम ठोकलेला. सुरुवातीला ते अवघडून, पाठ ताठ करून बसले, आता कुणीतरी उठून प्रवचन देणार या भीतीनं. पण कुणी उठेना. घड्याळजी सूप वाढत होते, एक थेंब न सांडता. पाळक बाह्या सारून ताटांच्या ढिगाऱ्यामागे दिसेनासे झाले होते. पाठी हळूहळू सैल झाल्या.

मग नवऱ्या मुलाचे काका पेला घेऊन उभे राहिले. चर्चवाल्यांची टिंगल करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि बोलायला लागले की थांबायचेही नाहीत.

"या दोघांचं दार येणाऱ्यासाठी कायम उघडं राहो," काका संथ, भरदार आवाजात म्हणाले. "त्यांच्या ताटात दुसऱ्यापुरतं उरो. भांडण झालं तर दिवस मावळायच्या आत मिटो..."

आणि श्वास घ्यायला थांबले.

प्रार्थनेच्या अशा चालीवर कुणी बोलून थांबलं, की काय करायचं, हे त्या अ‍ॅप्रनवाल्यांच्या हाडात मुरलेलं होतं. हातात ताटं, माना खाली, आणि हॉलच्या चारी भिंतींकडून एकदम, खणखणीत आवाजात आलं:

"आमेन!"

कुणाचा तरी चमचा खाली पडला. मावशींनी आपल्याच तोंडावर हात मारला. घड्याळजी सुपाचं भांडं घेऊन पुतळ्यासारखे उभे. काकांचा पेला हवेत तसाच. बाईंचा हात आपोआप अ‍ॅप्रनच्या खिशात गेला. पण टाचण्या घरी होत्या. त्यांनी भावाकडे बघितलं. त्याचा चेहरा लाल झाला होता. संपलं, बाईंना वाटलं. एवढ्या खटपटीनं जोडलेलं एका शब्दानं उसवलं.

पाववाला उठला. एकेका अ‍ॅप्रनकडे बघत त्याची नजर घड्याळजींपाशी थांबली.

"अहो," तो म्हणाला, "पंचांचं एकमत झालेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं!"

आणि खो-खो हसत तो खुर्चीत कोसळला. मग सगळा हॉल हसला. काका तर असे खूश झाले, की पुन्हा नव्यानं सुरू झाले आणि मुद्दाम थांबत राहिले. प्रत्येक वेळी पाहुणेच गळा काढून "आमेन" ओरडत. सगळ्यांत मोठा आवाज नर्सबाईंचा.

निघताना घड्याळजी पाववाल्यासमोर येऊन उभे राहिले. माफी मागायची सवय नसलेल्या माणसाला ती कुठून सुरू करावी ते कळत नाही.

"तो बाजारातला पाव," ते म्हणाले, "काही खरा नाही. आणि तुमचा परत पाठवला, ते चुकलं."

"माहीत आहे," पाववाला म्हणाला. कोणत्या वाक्याला उत्तर दिलं, ते त्यानं सांगितलं नाही.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी पाववाला चर्चला आला नाही. भाची मात्र मागच्या दारानं आली आणि कापडात गुंडाळलेला गरम पाव पाळकांच्या हातात ठेवून म्हणाली, "बाबांनी सांगितलंय, हा देवासाठी आहे, पंचांसाठी नाही. पण पंचांनी खाल्ला तर चालेल."

पंचांनी खाल्ला. घड्याळजींच्या कोटावर कण पडले होते, आणि ते त्यांनी भिंगाशिवाय शोधून खाल्ले.

उपासना सुटल्यावर बाई रस्ता ओलांडून गेल्या. पाववाला फडक्यानं काच पुसत होता. स्वच्छच काच होती ती.

"कसा झाला होता?" त्यानं वळून न बघता विचारलं.

"मीठ कमी होतं."

फडकं थांबलं. "तुझ्या तोंडात त्या टाचण्याच बऱ्या होत्या ताई!"

"पुढच्या वेळी नीट घाल," बाई म्हणाल्या.

"घालीन," पाववाला म्हणाला, आणि रागारागानं काच पुसू लागला.