बंद केलेल्या दोन ओळी

चिकलठाण्यातल्या आमच्या ऑफिसात नळ कोरडा आणि काम मात्र पाण्याचंच. कोणत्या गावाला टँकर कधी जाणार, त्याची रोजची यादी काढणारा प्रोग्राम आम्ही सांभाळायचो. तो लिहिणारे काका निवृत्त होऊन देवगाव रंगारीला शेती बघायला गेले, आणि ऐन दुष्काळात साहेबांना तो नव्या व्हर्जनवर हवासा झाला. काम माझ्या गळ्यात पडलं.

आठवडाभर स्क्रीनवर एकच रड: प्रोग्रामला लागणारा अमुक तुकडा, म्हणजे मॉड्यूल, सापडत नाही. कुणाचं नाव बदललेलं, कुणी कायमचं बंद पडलेलं. एकेक शोधून बसवता बसवता मी पुरती वैतागले. शेवटी एकच उरलं, 'काम२'. इंटरनेटवर त्याचा मागमूस नव्हता. काकांना एक फोन करायला हवा होता. पण महत्त्वाच्या गोष्टीला असलं नाव कोण देतं, असं म्हणून मी त्याला बोलावणाऱ्या दोन ओळी बंद केल्या. प्रोग्राम सुरळीत चालला. साहेबांनी सगळ्यांना चहा मागवला.

सोमवारी नेहमीप्रमाणे एका म्हाताऱ्या मेंढपाळाचा फोन आला. मेंढरांचा वाडा, म्हणजे माणसांचा आणि मेंढरांचा फिरता मुक्काम, खतासाठी आज एकाच्या रानात बसतो, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या. त्याला पत्ता नसतो. म्हणून काकांनी शिस्त लावली होती, दर सोमवारी जागा कळवायची. मी जागा भरली आणि म्हटलं, "नोंद झाली, बाबा."

गुरुवारी ड्रायव्हरचा फोन. "मॅडम, मेंढरंवाले तीन दिस रस्त्यावर हंडे घेऊन उभे व्हते. यादीत नाव नाय म्हणून म्या थांबलो नाय. आज जाऊ का?"

त्याला तसाच पाठवला आणि काकांना फोन लावला.

"गावांच्या यादीत वाडे कुठं असतेत?" ते म्हणाले. "फिरतेवाले यादीत घालायला ते काम२ लिहिलं व्हतं. माझ्या मशीनवरच ऱ्हायलं असंल."

काका गेल्यावर ते मशीन मीच पुसून कोरं केलं होतं.

तासाभरानं ड्रायव्हरनं कळवलं, रानात कुणी नाही, चुलीचे दगड तेवढे आहेत. माझे वडीलही मेंढरांमागंच फिरले. ऑफिसात हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि त्या दिवशी तर सांगायचं तोंडच उरलं नाही. काकांना विचारत विचारत शनिवारपर्यंत मॉड्यूल नव्यानं लिहिलं. जेमतेम पंधरा ओळी.

सोमवारी फोन आला.

"जालन्याकडं आलो, ताई. दोन कोकरं गेली, बाकी बरं हाय. आमचं नाव तेवढं काढून टाका. उगी तुमच्या गाडीला हेलपाटा पडंल."

"काढते, बाबा," मी म्हटलं. नव्या प्रोग्रामच्या यादीत त्यांचं नाव त्याच सकाळी पहिल्यांदा आलं होतं.