दुसरं मुसळ

“हात रिकामे राह्यले का मन भुतावानी फिरते,” असं सुगंधाबाई एकदा शेजारच्या वच्छलेला म्हणाली होती. एवढंच बोलून तिने शेणाची पाटी उचलली आणि ती घरामागच्या वाडीत निघून गेली. वच्छला दारात तशीच उभी राहिली.

वच्छलेने विचारलं होतं ते साधंच होतं. “काऊन वो, तू घडीभर कुठी टेकत नाईस? मरशीन तवा यमालेबी म्हणशीन, थांब जरासा, धान भिजवलं आहे.”

ब्रह्मपुरीच्या बाजूला तलावाकाठी वसलेल्या हिवरटोल्यात ढिवरांची, मासे धरणाऱ्यांची, वीसेक घरं. मालगुजारांची जमीनदारी संपून तीन-चार वर्षं झाली होती. तलाव आता कोणाचा, याचा वाद कचेरीत चालू होता, पण मासे तिकडे लक्ष देत नव्हते आणि ढिवरही फारसं देत नव्हते. टोल्यातल्या सगळ्याच बाया राबत. राबून थकत, आणि थकल्या की बसत. सुगंधाबाई थकली की फक्त कामाची जात बदले. कमरेचं काम झालं की हाताचं, हाताचं झालं की पायाचं. पहाटे खापर तापवून पोहे कुटायचे. उन्हं वर आली की नवऱ्याने, लटारूने, तलावातून आणलेले मासे निवडायचे. मग टोपला डोक्यावर घेऊन जिथे बाजार असेल तिथे जायचं, नाही तर कुणाच्या बांधीत, धानाच्या शेतात, रोजीने. दिवस कलला की परत येऊन रांधायचं आणि दिवा लावण्याआधी उद्याचं धान कोमट पाण्यात भिजत घालायचं. हे शेवटचं काम ती दुसऱ्या कुणाला करू देत नसे. धान भिजलं म्हणजे उद्याची सकाळ दावणीला बांधली गेली. मग तिला झोप येई.

कारण भिजलेलं धान थांबत नाही. दुसऱ्या दिवशी ते भाजून कुटलं नाही तर आंबतं, घरभर वास सुटतो. ते माणसाला उठवतंच. सुगंधाबाईला असं उठवणारं काहीतरी हवं होतं. तिचा मोठा पोरगा देवीच्या साथीत गेला, त्याला पुरून आल्यावर लोक तिला म्हणाले, बस. ती बसली. तेव्हा तिला कळलं की बसलेल्या माणसाच्या अवतीभवती सगळं येऊन बसतं, आणि उठत नाही. म्हणून तीच उठली. त्यानंतर तिला बसलेलं कुणी फारसं पाहिलं नाही. लोक म्हणत, बाई मोठी नेटाची, सारं कसं तोलून धरते. तिला ते ऐकून आत कुठेतरी कुसळ टोचल्यासारखं होई. तोलून धरणारं माणूस हलू शकत नाही, हे त्यांना कुठे ठाऊक होतं.

पोहे मात्र एकट्याने होत नाहीत. खापरातल्या तापल्या रेतीतून काढलेलं धान गरम आहे तोवरच मुसळाखाली चपटं होतं. थंड झालं की त्याची कणी होते. म्हणून उखळाच्या दोन बाजूंना दोघी उभ्या राहतात. एकीचं मुसळ खाली, दुसरीचं वर. पाळी चुकली तर मुसळावर मुसळ आपटतं. सुगंधाबाईसमोर आधी सासू उभी राहायची. सासू गेल्यावर लेक, प्रेमिला. तेव्हा तिची उंची मुसळाएवढीही नव्हती. पुढे दोघींची लय अशी बसली, की पहाटे टोल्यातली माणसं कूस बदलायची ती त्या आवाजावर. कुटताना दोघी बोलत नसत. बोलायचं ते मुसळांतून बोलून व्हायचंच.

आणि आता प्रेमिलेला पाहायला वडश्याहून पाहुणे येणार होते. मुलगा शालिकराम, वडश्याला धानाच्या गिरणीत पोती वाहणारा, नदीवर जाळं टाकणारा, आणि हिवाळ्यात नाटकं सुरू झाली की गावोगाव गॅसबत्त्या पेटवायला जाणारा. हे शेवटचं ऐकून प्रेमिला तोंड फिरवून हसली होती. ते हसणं सुगंधाबाईने पाहिलं होतं.

टोल्यात एक रीत होती. ज्या दिवशी पोरीला पाहायला पाहुणे येणार, त्या दिवशी त्या घरात मुसळ वाजू द्यायचं नाही. लग्नाच्या हळदीत मुसळाची पूजा होते, त्याआधी पाहण्याच्या दिवशीच ते वाजलं तर जुळत आलेलं कुटलं जातं, असं म्हातारे सांगत. आदल्या दुपारी लटारूने जाळं वाळत घालता घालता आठवण करून दिली.

“उद्या पावने येऊन राह्यले. आज धान नोको भिजवू.”

“हो,” ती म्हणाली.

ती नीट ऐकून म्हणाली होती. नंतर तिने ओसरी सारवली, दही लावलं, प्रेमिलेचं ठेवणीतलं लुगडं काढून उन्हात टाकलं. सगळं ठरल्याप्रमाणे. दिवा लावायची वेळ झाली तेव्हा ती मडक्यापाशी होती आणि तिचे हात कोपरापर्यंत धानात होते. पाणी कोमट होतं. ते तिनेच तापवलं असणार.

सकाळी प्रेमिलेने झाकण काढलं आणि ते तसंच हातात धरून ती उभी राहिली.

“माय, हे काय?”

“धान.”

“धान मलेबी दिसते. आज काऊन भिजवलं?”

“हाताले सवय.”

“तुह्या हाताले बरं समजते,” प्रेमिला हळू म्हणाली. “एवढ्या सालात कधी चुकले नाई ते. आजच चुकले.”

सुगंधाबाईने खापराखाली काटक्या सारल्या.

“मी जाऊ नाई असंच वाटते ना तुले?” प्रेमिला म्हणाली. “मंग तसं सांग. धानाच्या तोंडून काऊन बोलतेस?”

सुगंधाबाईने खापरात रेती ओतली. लटारू दारात येऊन थबकला, मडक्याकडे पाहून तलावाकडे वळला. मडकंभर धान उकिरड्यावर फेकायचं हे त्या घरात कुणाच्या मनातसुद्धा येणं शक्य नव्हतं. आगगाडी दुपारची होती. पाहुणे ब्रह्मपुरीला उतरून चालत येईस्तोवर दिवस कलणार. तोवर कुटून, झाडून, उखळ आडवं करून ठेवता येईल. वच्छला कान टवकारेल, पण तोंड बंद ठेवील.

“पदर खोच,” सुगंधाबाई म्हणाली.

रेती तापली. पहिला घाणा उखळात पडला आणि मुसळं सुरू झाली. पण लय बसेना. प्रेमिला रागाने कुटत होती, तिचं मुसळ पाळीच्या आधीच उतरत होतं. एकदा मुसळं एकमेकांना लागली, सुगंधाबाईच्या मनगटापर्यंत झिणझिण्या गेल्या. तिने पोरीकडे पाहिलं. कपाळावर घाम, गालाला काजळी, एका कानामागे कोंडा. अशी पोर पाहून कोण हो म्हणेल? हा विचार आला आणि त्याच्या मागोमाग एक बरं वाटणं आलं, थंडगार, तलावाच्या तळाच्या चिखलासारखं. तिने ते ओळखलं आणि ती स्वतःलाच भ्याली. तिने मुसळ आणखी जोरात उचललं.

तेवढ्यात घराच्या पुढच्या दारी बैलगाडी थांबल्याचा आवाज आला.

पाहुणे दुपारच्या आगगाडीची वाट न पाहता रात्रीच निघाले होते. वडश्याहून तणीस, धानाचा पेंढा, घेऊन येणारी कुणाची तरी बैलगाडी सापडली, तिच्यावर बसून आले. शालिकरामची आई गिरजाबाई, आणि तिचा भाऊ इस्तारी, ज्याने ही सोयरीक काढली होती. दोघांच्या अंगाला काड्या चिकटल्या होत्या. लटारू तलावावर होता. ओसरीत कुणी दिसलं नाही म्हणून गिरजाबाई आवाजाच्या मागाने घरातून सरळ मागच्या वाडीत आली.

मुसळं थांबली. प्रेमिलेने पदर सोडला, पुन्हा खोचला, मग कुठे पाहावं ते न कळून उखळात पाहत राहिली.

“आज मुसळ वाजवता?” गिरजाबाई म्हणाली.

सुगंधाबाईला वेळ मारून नेता आली असती. हाताले सवय म्हणता आलं असतं. ती म्हणाली, “मीच भिजवलं. पोरीचा दोष नाई.”

गिरजाबाईने उखळाकडे पाहिलं, खापराकडे पाहिलं. खापरातून वाफ येत होती. ती ढिवराचीच बाई. रीत तिलाही ठाऊक होती आणि धानही.

“मंग उभ्या काऊन राह्यल्या? थंडं होऊन राह्यलं ते,” ती म्हणाली. “आणा इकडं.”

आणि तिने सुगंधाबाईच्या हातातलं मुसळ काढून घेतलं.

सुगंधाबाईने ते सोडलं. कसं सोडलं, ते तिला कळलं नाही. गिरजाबाईने पदर कमरेला आवळला, एकदा मुसळ हातात तोलून पाहिलं, आणि खाली आणलं. प्रेमिलेचं वर गेलं. ते खाली आलं, गिरजाबाईचं वर गेलं. चार-सहा घावांत लय बसली. सकाळपासून मायलेकींना सापडत नव्हती ती लय, एका परक्या बाईच्या हाताखाली अशी बसली जणू त्या रोजच समोरासमोर उभ्या राहत होत्या. प्रेमिलेचे खांदे सैल झाले. पोहे पातळ, पांढरे, पानासारखे उतरू लागले.

सुगंधाबाई बाजूला उभी होती. सुपाकडे गेली, परत आली. खापराखालची काडी पुढे सारली, मागे ओढली. करण्यासारखं काही नव्हतं. आवाज चालू होता आणि तो तिच्यावाचून चालू होता.

घाणे संपल्यावर सगळे ओसरीत बसले. लटारू ओल्या पायांनी आला, पाहुण्यांच्या अंगावरच्या काड्या पाहून गोंधळला. गरम पोह्यांवर दही आणि गूळ आला. इस्तारीभाऊने मोठा घास घेतला.

“मी तं आधीच म्हणलो होतो बाईले,” तो म्हणाला, “सोयरीक नाई जमली तरी चालते, पोहे तं जमतेत.”

“तू खाय,” गिरजाबाई म्हणाली. “तोंडात घास आहे तोवर बरा दिसतेस.”

लटारू हसला. सुगंधाबाई खांबाला टेकून बसली होती. बसली होती, आणि ते सगळं तिच्याभोवती येऊन बसायला लागलं होतं. गेलेल्या पोराचं छोटं अंथरूण. सासूचा खोकला. उद्याची सकाळ.

प्रेमिला तोंड धुऊन, लुगडं बदलून पाण्याचा गडवा घेऊन आली. कानामागचा कोंडा तसाच राहिला होता. गिरजाबाईने तिला काही विचारलं नाही. ती सुगंधाबाईकडे वळली.

“इहीनबाई, तुमच्यापाशी काय लपवायचं. माही पोर मागच्या साली सासरी देल्ली. तवापासून माह्या घरी एकच मुसळ वाजते. एकट्या मुसळाचा आवाज आइकवत नाई. सून तं कोणीबी भेटन. पण हे आता जे झालं, ते मले पायजे.”

सुगंधाबाईला समजलं. इतकं समजलं की तिला राग आला. ही बाई तिच्या घरात येऊन तिचंच मागणं तिच्याकडे मागत होती, आणि एवढ्या सरळ शब्दांत, जे तिला आपल्या लेकीशी एकदाही बोलता आले नव्हते. एका घरचं मुसळ मुकं झाल्याशिवाय दुसऱ्या घरचं बोलत नाही. कुणाच्या तरी सकाळीला भगदाड पडायचंच. आज तिच्या.

“रीत मोडली म्हणून तुमच्या मनात काई?” लटारू चाचरत म्हणाला.

“रीत मोडली तं माह्याच हातानं पुढं मोडली,” गिरजाबाई म्हणाली. “आता दोष लागला तं दोघींले लागन. तुमी सांगा.”

“मले नोका विचारू. तलावाचं मी पायतो. बाकी सारं तिच्या हाती.”

टोल्यात होकार तोंडाने देत नसत. पोरीच्या आईने मुलाच्या आईला कुंकू लावलं की सोयरीक ठरली. नाही लावलं तर पाहुणे हात धुऊन, पुढं पाहू, असं म्हणून उठत आणि कुणी कुणाला बोल लावत नसे. करंडा कोनाड्यात होता. सगळ्यांच्या नजरा तिकडे गेल्या. इस्तारीभाऊसुद्धा हातात घास घेऊन थांबला.

सुगंधाबाईने प्रेमिलेकडे पाहिलं. पोर दाराच्या चौकटीशी उभी होती आणि पाहुण्यांकडे पाहत नव्हती, आईकडे पाहत होती. ती नजर विनवणीची नव्हती. रागाचीही नव्हती, राग सकाळीच कुटून झाला होता. उखळापलीकडून इतकी वर्षं ती पाहायची तशीच पाहत होती. आपलं मुसळ वर धरून, आईचं खाली येण्याची वाट पाहत. आधी तिचं उतरल्याशिवाय आपलं उतरवता येत नाही, हे ठाऊक असलेली.

सुगंधाबाई उठली. कोनाड्यातला करंडा घेतला. बोट बुडवलं. गिरजाबाईसमोर वाकून तिने कुंकू लावलं, ते कपाळावर जरा तिरपं उमटलं. गिरजाबाईने तिचा हात धरला, काहीतरी बोलू लागली. सुगंधाबाईने तो हळूच सोडवून घेतला. प्रेमिलेजवळून जाताना ती क्षणभर थांबली, तिच्या कानामागचा कोंडा अंगठ्याने पुसला, आणि उंबरा ओलांडून मागच्या वाडीत निघून गेली.